वाचकांचे प्रश्न: विमान उडालंच नव्हतं, मग पाण्यावर उलटलं कसं?

या वेळी फ्लोटप्लेनबद्दल, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या छोट्या विमानांबद्दल, एकदम बरेच प्रश्न आलेत. त्यातलं पहिलं पत्र वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो, म्हणून ते जवळजवळ पूर्ण देतोय आणि सगळ्यात लांब उत्तरही त्याचंच आहे, बाकीची त्यामानाने थोडक्यात. एक आधीच सांगतो, मी पायलट नाही. अशा विमानांच्या मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे जे हाताखालून गेलंय आणि जे अपघातांच्या रिपोर्टमध्ये वाचलंय त्यावरूनच बोलतोय.

प्रश्न: नमस्कार सर. माझा मोठा भाऊ आणि वहिनी सुट्टीला गेले होते तिथे तलावावरून छोट्या फ्लोटप्लेनची वीस मिनिटांची राइड होती. पायलट धरून पाच जण. दादा सांगतो की विमान पाण्यावर जोरात पळत होतं, मग एकदा नाक वर गेलं, मग खाली, मग परत वर जरा जास्तच, आणि त्यानंतर जे खाली गेलं ते गेलंच, पुढच्या क्षणी सगळे बेल्टला उलटे लटकलेले आणि नाकातोंडात पाणी. सगळे वाचले ही देवाची कृपा. पण दादाला दाराचं हँडल सापडतच नव्हतं, हात जाईल तिथे काहीच नाही. वहिनीने आधी बेल्ट सोडला तर ती कुठल्या कुठे गेली, मागे बसलेल्या एका माणसाने तिला ड्रेसला धरून ओढून काढलं. आता दादा लिफ्टमध्येही चढत नाही आणि वहिनी म्हणते माझंच चुकलं. घरात सगळ्यांचं एकच, पायलट बेफिकीर होता. मला कळत नाही, विमान अजून उडालंच नव्हतं, पाण्यावरच होतं, मग उलटलं कसं? आणि दादाला हँडल का नाही सापडलं, तो तर चांगला पोहतो.

उत्तर: ताई, दोघंही घरी आले ही खरंच फार मोठी गोष्ट आहे, उगाच धीर द्यायला म्हणत नाहीये, का ते पुढे लक्षात येईल.

आधी उलटलं कसं ते बघू. आपल्याला वाटतं धोका हवेत, खाली असलं की काळजी नाही. पण धावपट्टीवर चाक फिरतं, जमीन त्याला फारशी अडवत नाही. पाणी हवेपेक्षा साधारण आठशे पट दाट असतं, आणि या विमानाला त्या पाण्यातून दोन लांबट होड्यांवर उभं राहून पळायचं असतं, त्या होड्या म्हणजे फ्लोट. टेकऑफला पायलट कंट्रोल, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा, पूर्ण मागे ओढून धरतो आणि फुल पॉवर देतो. नाक इतकं वर येतं की समोरचं काही दिसत नाही, फ्लोट पाण्यात नांगरासारखे रुतून चालतात, हा सगळ्यात जड टप्पा, पाणी इथे सगळ्यात जास्त अडवतं. मग स्पीड वाढतो तसे फ्लोट वर येतात आणि पाण्याच्या पाठीवरून घसरायला लागतात. फ्लोट कधी खालून बघितलात तर मधोमध, जरा मागच्या बाजूला, तळ एकदम तुटल्यासारखा दिसेल, पायरीसारखा. ती पायरी मुद्दाम असते, पाणी तिथे तळापासून सुटतं आणि फ्लोटचा मागचा भाग पाण्याबाहेर राहतो. 1912 साली ग्लेन कर्टिसच्या उडत्या बोटीला तळाला अशी पायरी आली, आणि आजही फ्लोटला ती असतेच. या टप्प्याला पायलट लोक स्टेपवर येणं म्हणतात.

तर विमान स्टेपवर आलं की ते पाण्याच्या अगदी थोड्या भागावर तोललेलं असतं, आणि नाक किती वर ठेवायचं याला जागा फार कमी असते. जरा जास्त खाली गेलं की फ्लोटचा पुढचा भाग पाण्याला टेकतो, पाणी त्याला वर ढकलतं, नाक वर जातं, मग वजनाने परत खाली येतं, या वेळी आधीपेक्षा जास्त, मग परत वर आणखी जास्त. असे हेलकावे सुरू झाले आणि वेळेत थांबवले नाहीत तर ते आपोआप वाढत जातात. याला पॉर्पॉइझिंग म्हणतात, पॉर्पॉइझ हा डॉल्फिनसारखा समुद्री प्राणी पाण्यातून वर-खाली उसळत जातो त्यावरून. दादाने सांगितलेलं वर, खाली, परत वर जरा जास्तच हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर हेच आलं.

आणि ते शेवटचं खाली जाणं, ते म्हणजे सरळ ठेच लागणं. आपण पळत असताना पायाचा अंगठा दगडाला अडकला तर पाय थांबतो पण अंग थांबत नाही, माणूस तोंडघशी पडतो. इथे इंजिन, केबिन, पंख, माणसं, सगळं वजन फ्लोटच्या बरंच वर असतं. फ्लोटचं टोक पाण्यात घुसलं की खालचा भाग पाण्याने धरला जातो आणि वरचा सगळा डोलारा पुढे जात राहतो, मग विमान नाकावरून पलटी. त्यासाठी हवेत जायची गरजच नाही. उलट टेकऑफच्या अगदी आधी पाण्यावरचा स्पीड सगळ्यात जास्त असतो.

हे सावरता येतं का? येतं. पहिल्याच हेलकाव्याला कंट्रोल थोडं मागे घेऊन नाक योग्य जागी घट्ट धरायचं, आणि तरी थांबलं नाही तर पॉवर बंद, कंट्रोल पूर्ण मागे, आणि विमान पाण्यात बसू द्यायचं, टेकऑफ गेला तर गेला. चूक होते ती हेलकाव्यांच्या मागे धावण्यात. नाक वर गेलं म्हणून पुढे ढकलायचं, खाली गेलं म्हणून ओढायचं, असं केलं की हात अर्धा ताल मागे पडतो आणि आपणच झोका वाढवत बसतो. आणि हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं हेही धरा.

मग पायलट बेफिकीर होता का? ताई, हे मी पत्रावरून सांगणार नाही, आणि घरच्यांनीही एवढ्यात ठरवू नये असं मला मनापासून वाटतं. तीच पलटी कुठूनतरी गेलेल्या मोटरबोटीच्या लाटेने होऊ शकते, पुढे-मागे वजन नीट न वाटल्याने होऊ शकते, ट्रिम (नाक ठरावीक कोनात राहावं म्हणून आधी लावून ठेवायची सेटिंग) चुकीच्या जागी राहिल्याने, एका फ्लोटमध्ये पाणी साचल्याने, वाऱ्याच्या झोतानेही. तपास करणारे ट्रिमची जागा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) किती खाली होते, फ्लोटच्या पुढच्या भागाला कसा मार बसलाय, कुठल्या कप्प्यात किती पाणी होतं, कोण कुठे बसलं होतं, असं एकेक बघतात. छोट्या विमानात बहुतेक वेळा ब्लॅक बॉक्स नसतो, त्यामुळे त्यांना वेळ लागतो. कोणी काठावरून मोबाईलवर शूट केलं असेल तर ते त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा, आणि दादाला जे आठवतं ते तारीख घालून आत्ताच लिहून ठेवायला सांगा.

पण एक प्रश्न मात्र मी चालवणाऱ्यांना विचारणारच, आणि तुम्हीही विचारा. निघण्याआधी दादाचा हात कोणी त्या हँडलवर ठेवला होता का? नुसतं "दरवाजे इकडे आहेत" असं बोट दाखवून नाही, हात धरून, हँडल कुठे आणि कुठल्या बाजूला फिरवायचं, असं. कारण हँडल न सापडण्याचा पोहता येण्याशी काही संबंध नाही.

बघा ना, माणूस उलटा लटकलाय, नाकात पाणी गेलंय, समोर फेस आणि अंधार. आपण रोज दार शोधतो ते डोळ्याने आणि वर-खालीच्या अंदाजाने, आणि तिथे नेमक्या त्याच दोन गोष्टी गेलेल्या असतात. डोकं सांगतं की सगळं उलटं झालंय म्हणजे हँडलही दुसऱ्या बाजूला असणार, हात भलतीकडे जातो. प्रत्यक्षात तुमच्या शरीराच्या हिशोबाने काहीच बदललेलं नसतं. बसलेलं असताना दार उजव्या हाताला होतं तर उलटं झाल्यावरही उजव्याच हाताला आहे, गुडघ्याशेजारी होतं तर गुडघ्याशेजारीच आहे. पण हे खरं कधी? तुम्ही सीटवर बांधलेले असाल तेव्हाच. बेल्ट सुटला की अंग वर तरंगतं, विमान उलटं असल्याने वर म्हणजे केबिनची जमीन, माणूस तिथे जाऊन अडकतो आणि मग उजवं-डावं काही राहत नाही. वहिनींचं नेमकं हेच झालं. त्यांना सांगा की त्यांचं काही चुकलेलं नाही, गाडीत बसायची सवय असलेल्या कोणाचाही हात आधी बेल्टवरच जातो, कारण आपल्या अंगवळणी तेच पडलंय. क्रम वेगळा आहे हे आधी कोणीतरी सांगावं लागतं.

क्रम असा: विमान पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, हेडसेट काढून टाकायचा, एका हाताने दाराची चौकट किंवा हँडल पकडायचं आणि तो हात काही झालं तरी सोडायचा नाही, दार किंवा खिडकी उघडायची, आणि मग दुसऱ्या हाताने बेल्ट. त्यानंतर पकडलेल्या हाताने स्वतःला ओढत बाहेर. पाय मारायचे नाहीत, मागच्याच्या तोंडावर बसतात. पाण्याचा दाब दोन्हीकडे सारखा होईपर्यंत दार हलत नाही, तेव्हा पहिल्या ढकलण्याला नाही उघडलं तर दार बिघडलंय असं समजून हात सोडून देऊ नये.

मी सुरुवातीला म्हटलं ना की दोघं आले ही मोठी गोष्ट आहे, ते यासाठी. 29 नोव्हेंबर 2009 ला कॅनडात सॅटर्ना बेटाच्या लायल हार्बरमधून निघालेलं बीव्हर नावाच्या मॉडेलचं एक फ्लोटप्लेन उडाल्यावर लगेच पाण्यात पडलं. आठ जण होते. दोघं बाहेर आले, सहा जण गेले, ते सहाही बुडून. तिथल्या ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने तेव्हा मागच्या वीस वर्षांचा हिशोब मांडला, पाण्यात पडून बुडालेल्या विमानांत गेलेल्या माणसांपैकी साधारण 70 टक्के बुडून गेली होती, आणि कित्येक अपघातांत माणसं आदळल्यानंतरही शुद्धीवर होती, केबिनमध्ये हालचाल करत होती. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फाइल बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. म्हणजे धडकेतून माणूस वाचला होता, आणि दारापाशी हरला. बोर्डाने पटकन उघडणारी दारं-खिडक्या आणि प्रवासात अंगावर लाईफ जॅकेट, अशा दोन गोष्टी मागितल्या. जॅकेटचा आणि पायलटला पाण्याखालून बाहेर पडण्याचं ट्रेनिंग सक्तीचं करण्याचा नियम तिथे 2019 मध्ये आला. मधे दहा वर्षं गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता दादा. लिफ्टला घाबरणं हे माझ्या दृष्टीने अगदी समजण्यासारखं आहे, बंद जागा आणि दार आपल्या हातात नाही, दोन्हीत तेच आहे. त्याला "सगळे वाचले ना, मग झालं" असं कोणी म्हणू नका. महिना उलटून गेला तरी झोप लागत नसेल, तेच तेच डोळ्यासमोर येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, लांबवू नका. आणि पुढे कधी तो तयार झाला तर अशा ट्रेनिंगबद्दल त्याला सांगा. स्विमिंग पूलमध्ये केबिनच्या सांगाड्यात बसवतात, बेल्ट लावतात, सांगाडा पाण्यात उलटा करतात, शेजारी डायव्हर असतो. आमच्यातल्या एका सहकाऱ्याने ते केलंय, पहिल्या वेळी तोही दाराच्या उलट बाजूला चाचपडत होता, चौथ्या वेळी डोळे मिटून बाहेर आला. मात्र हे डॉक्टरांना विचारूनच, घाई करून नाही.

प्रश्न: पाणी आरशासारखं शांत असेल तर फ्लोटप्लेनला टेकऑफ सगळ्यात सोपा असणार ना? मित्र म्हणतो उलट अवघड.

उत्तर: मित्राचं बरोबर आहे. अगदी गुळगुळीत पाणी फ्लोटच्या तळाला चिकटून राहतं, सुटत नाही. थोड्या लहरी असल्या की तळाखाली हवा शिरते आणि फ्लोट मोकळे होतात. म्हणून शांत पाण्यावर पायलट कधी आधी एक चक्कर मारून स्वतःच लहरी तयार करतो, कधी स्टेपवर असताना एक फ्लोट जरासा उचलून घेतो म्हणजे राहिलेल्या एकाच फ्लोटचा विरोध उरतो. शिवाय पाणी शांत म्हणजे बहुतेक वारा नाही, आणि समोरून वारा नसला की पळायला अंतर जास्त लागतं. त्यात दिवस गरम, तलाव उंचावरचा, विमान भरलेलं, असं सगळं एकत्र आलं की समोरचा काठ जवळ येत राहतो आणि विमान काही सुटत नाही. अशा वेळी पायलटने पॉवर काढून परत येऊन दोन माणसं उतरवली तर प्रवाशांनी वैतागू नये, तो योग्यच करतोय.

लांबणाऱ्या टेकऑफचं आणखी एक आहे. पाण्यावर अंतर मोजायला खुणा नसतात. धावपट्टीच्या कडेला बोर्ड असतात, इथे पायलटने आधीच ठरवून ठेवायचं की त्या झाडाच्या समोर येईपर्यंत सुटलं नाही तर बंद. ठरवलेलं नसेल तर "अजून थोडं, अजून थोडं" होतं.

प्रश्न: मी मोटरबोट चालवतो. फ्लोटप्लेनवाले आमच्यावर ओरडतात की लाट करू नका. आमची लाट फूटभराची, एवढ्या मोठ्या विमानाला त्याने काय होतंय?

उत्तर: दादा, तुम्ही बोटीत हळू जाताना फूटभराच्या लाटेवर बोट नुसती डुलते, पण हीच लाट फुल स्पीडला समोरून घेऊन बघा, बूड आपटतं. विमानाचं तर आणखी अवघड, कारण स्टेपवर असताना लाटेने ते हवेत उडवलं जातं, आणि उडायला लागणारा स्पीड अजून आलेला नसतो. पंखांना पेलत नाही, परत पाण्यावर आपटतं, आणि कुठल्या कोनात आपटेल हे नशिबावर. वरच्या पत्रातले हेलकावे सुरू व्हायला अशी एक लाट पुरते. तुम्ही निघून गेल्यावरही लाट बराच वेळ फिरत असते, काठाला आपटून परत येते, हेही असतं.

आणि लाटेचं सोडा, समोर येऊच नका. नाक वर असतं तेव्हा पायलटला समोरचं दिसत नाही हे मी वर लिहिलंय. फ्लोटप्लेनला ब्रेक नसतो, इंजिन चालू झालं की ते पुढे सरकायलाच लागतं, आणि फुल पॉवरवर असताना पटकन वळवायला गेलं तर तेच उलटतं. 8 जून 2024 ला व्हँकुव्हरच्या कोल हार्बरमध्ये टेकऑफ घेणारं एक बीव्हर मोटरबोटीवर आदळलं. विमानातले सगळे बाहेर पडले, बोटीवरचे लोक जखमी झाले. तिथे विमानांच्या टेकऑफची जागा ठरलेली आहे, तरी हे झालं. विमानाचं इंजिन मोठ्याने चढलेलं ऐकलं की तुमची बोट बाजूला घ्या आणि थांबा, एवढी विनंती.

प्रश्न: पाणी सोडलं की टेकऑफचा धोका संपला असं म्हणायचं का?

उत्तर: नाही. पाण्याच्या अगदी जवळ असताना पंखांना हवेचा थोडा जास्तीचा आधार मिळतो, त्यामुळे विमान कमी स्पीडलाही सुटतं. लगेच नाक वर ओढलं तर तो आधार जातो आणि पंख स्टॉल होतात. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नाही बरं का, बातम्यांत हे नेहमी चुकतं, स्टॉल म्हणजे पंखावरून जाणारी हवा तुटते आणि पंख वजन उचलायचं सोडतो. लायल हार्बरला वाऱ्यात वळताना हेच झालं, आणि त्या विमानातली स्टॉलची सूचना देणारी यंत्रणा चालू नव्हती. 7 जानेवारी 2025 ला ऑस्ट्रेलियात रॉटनेस्ट बेटाच्या थॉमसन बेमध्ये एक सेसना कॅराव्हॅन फ्लोटप्लेन टेकऑफलाच कोसळलं, सात जणांपैकी तिघे गेले. म्हणून चांगले पायलट पाणी सोडल्यावर काही क्षण खालीच राहून स्पीड घेतात आणि मग चढतात. प्रवाशाला वाटतं हा वर का जात नाहीये, तर तो स्पीड जमवत असतो.

प्रश्न: फ्लोटला भोक पडलं तर विमान बुडेल का? आणि मघाशी तुम्ही फ्लोटमध्ये पाणी साचतं म्हणालात ते कसं काय?

उत्तर: हा माझा विषय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. फ्लोट आतून एकच पोकळ डबा नसतो, त्यात भिंती घालून कप्पे केलेले असतात. अमेरिकन नियमांत वर्षानुवर्षं असं होतं की एका मुख्य फ्लोटला निदान चार कप्पे हवेत, दोन कप्पे भरले तरी विमान उलटता कामा नये, आणि फ्लोटची तरंगण्याची ताकद त्याच्या वाट्याच्या वजनापेक्षा 80 टक्क्यांनी जास्त हवी. त्यामुळे एका भोकाने विमान लगेच तळाला जात नाही.

पण पाणी थोडंफार झिरपतंच. रिव्हेट ढिल्या होतात, धक्क्याला घासून पत्रा दबतो, झाकणाचं रबर जुनं होतं. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे फ्लोटवर उभं राहून प्रत्येक कप्प्याचा छोटा रबरी गोळा काढायचा, तिथे हातपंप लावायचा आणि पाणी उपसायचं. आमच्या सीनियरने मला पहिल्या दिवशी शिकवलं की नुसतं उपसू नकोस, झटके मोज. पुढच्या कप्प्यातून काल चार झटके पाणी आलं आणि आज बावीस, म्हणजे रात्रीत काहीतरी झालंय, विमान पाण्याबाहेर काढ. मी वहीत कप्प्यांचे आकडे लिहायचो, अजून हाताला तो पंपाचा कोरडा आवाज आठवतो, पाणी संपलं की हवेचा फुसका आवाज येतो तो.

याचा टेकऑफशी सरळ संबंध आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पुढच्या कप्प्यात तीस लिटर राहिलं तर नाकाशी तीस किलो कोणीतरी नकळत ठेवलंय, आणि ते हलतंय, नाक खाली गेलं की आणखी पुढे पळतंय. एकाच फ्लोटमध्ये असेल तर विमान त्या बाजूला ओढ घेतं. ही दोन मिनिटांची कटकट कोणी टाळत असेल तर त्याच्या विमानात मी बसणार नाही.

आणि उलटल्यावर काय? फ्लोट तुटले नसतील तर तेच वर येतात आणि विमान त्यांना खाली डोकं करून लटकतं, केबिन पाण्याखाली. म्हणजे बाहेर पडलं की धरायला आणि वर चढून बसायला फ्लोट असतात. पोहत काठाकडे निघू नका, सगळे फ्लोटवर बसा, मोजा, शोधणाऱ्यांनाही तेच आधी दिसतं. पाणी थंड असेल तर पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते, त्या वेळी नुसतं धरून राहायचं.

प्रश्न: लाईफ जॅकेट घालून बसलो आणि अपघात होतोय असं वाटताच फुगवलं तर जास्त सेफ ना?

उत्तर: अजिबात नाही, कृपा करून हे घरातल्या सगळ्यांना सांगा. आत फुगवलं की पाणी भरल्यावर जॅकेट तुम्हाला वर दाबून धरतं, दार खाली आणि तुम्ही वर, बुडी मारून दारातून जाता येत नाही. 23 नोव्हेंबर 1996 ला अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग 767 इंधन संपल्यावर कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं, 175 पैकी 125 जण गेले, आणि त्यात आतच जॅकेट फुगवल्यामुळे अडकलेलेही होते. मोठ्या विमानात असं होतं तर फ्लोटप्लेनच्या केबिनमध्ये जागा किती असते बघा. जॅकेट अंगावर हवंच, सीटखाली पिशवीत नको कारण उलट्या केबिनमध्ये ते कोणी शोधत नाही, पण फुगवायचं बाहेर डोकं आल्यावर.

प्रश्न: हे सगळं वाचून भीती वाटते. आम्ही नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी, पुढच्या सुट्टीत फ्लोटप्लेनची राइड बुक केली आहे. कॅन्सल करू का?

उत्तर: मी असतो तर कॅन्सल केली नसती, पण धक्क्यावर वीस मिनिटं आधी जाऊन काही गोष्टी बघितल्या असत्या. वारा जोरात असेल, पाण्यावर पांढरे तुरे दिसत असतील आणि तरी कोणी घाई करत असेल तर पैसे सोडून द्या. पायलट फ्लोट उपसतोय का बघा. तुमचं आणि सामानाचं वजन विचारलं नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा, खरं सांगा. मुलीच्या मापाचं जॅकेट मागा आणि अंगावर घालूनच बसवा.

मागचं दार कुठलं, आणि फ्लॅप खाली असताना ते पूर्ण उघडतं का, हे आवर्जून विचारा. हे मी उगाच सांगत नाही. सेसना 206 या छोट्या विमानाच्या मागच्या जोड-दाराचा (दोन भागांच्या दाराचा) पुढचा भाग फ्लॅप खाली असले की फ्लॅपला अडकतो, नीट उघडत नाही, आणि टेकऑफला फ्लॅप खालीच असतात. मागे बसणाऱ्याला ते दार उघडायची वेगळी पद्धत आहे, ती पायलटने करून दाखवायला हवी. नुसतं तोंडी सांगितलं तर म्हणा, एकदा मला स्वतः उघडू द्या.

मुलीला मागे एकटी बसवू नका, तिच्या शेजारी दाराच्या बाजूला तुमच्यापैकी एक जण. बेल्ट लावून झाला की तिला डोळे मिटायला सांगा, हाताने चौकट शोधायला सांगा, मग हँडल, मग बेल्टचं बक्कल, याच क्रमाने तीनदा. आठ वर्षांच्या मुलांना हा खेळ वाटतो आणि पटकन जमतो. मग तुम्ही दोघंही तेच करा, इंजिन सुरू व्हायच्या आधी.